बँकेचे सामाजिक दायित्व व्यवसायधोरणाशी कसे जोडावे: हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

बँकेच्या नियोजन विभागात नव्याने आलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर कधीतरी 'सामाजिक दायित्व धोरण' असे लिहिलेली एक फाइल येते. आत मागील काही वर्षांच्या देणग्यांच्या याद्या असतात आणि वर एका ओळीचा शेरा असतो की, हे धोरण बँकेच्या व्यवसायधोरणाशी जोडून संचालक मंडळापुढे ठेवावे. जोडायचे म्हणजे नेमके काय करायचे, याबद्दल त्या शेऱ्यात काहीच नसते. मी हे काम पहिल्यांदा केले, तेव्हा वृक्षारोपण, शाळांना संगणक आणि आरोग्य शिबिरे यांची नीटनेटकी मांडणी करून चाळीस पानांचा मसुदा तयार केला होता. जोखीम विभागाच्या प्रमुखांनी तो चाळला आणि एवढेच विचारले, "यात आपली कर्जे कुठे आहेत?" मसुदा परत आला आणि पुढचे चार महिने त्या प्रश्नाच्या उत्तरात गेले. त्या काळात ज्या क्रमाने काम करायला हवे होते असे आता वाटते, तो क्रम पुढे देत आहे.

१. 'दायित्व' या शब्दाचा अर्थ आधी ठरवून घ्या

एकाच बैठकीत तीन माणसे 'सीएसआर' (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपनीचे सामाजिक दायित्व) हा शब्द तीन अर्थांनी वापरतात आणि कोणाच्याही ते लक्षात येत नाही. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये मांडलेली भूमिका अशी होती की, कायद्याच्या आणि प्रामाणिक स्पर्धेच्या मर्यादेत राहून नफा वाढवणे हीच व्यवसायाची सामाजिक जबाबदारी होय. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक आर्ची कॅरोल यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या पिरॅमिडमध्ये आर्थिक जबाबदारी पायाशी आहे, तिच्यावर कायदेशीर, मग नैतिक आणि सर्वांत वर परोपकाराची. मायकेल पोर्टर आणि मार्क क्रेमर यांनी २००६ आणि २०११ च्या लेखांतून समाजाची गरज भागवतानाच कंपनीची स्पर्धाक्षमता वाढावी, असा विचार पुढे आणला. तुमच्या वरिष्ठांच्या मनात यांपैकी कोणता अर्थ आहे, हे आधी विचारून घ्या, कारण त्यावर पुढचा सगळा मसुदा अवलंबून राहतो.

कामापुरती मी एक साधी विभागणी वापरतो. पहिल्या भागात बँक जे देते ते, म्हणजे देणग्या आणि प्रकल्प. दुसऱ्या भागात बँक जशी वागते ते, म्हणजे ग्राहक, कर्मचारी, वीज, कागद, तक्रारी. तिसऱ्या भागात बँक ज्याला पैसा पुरवते ते, म्हणजे कर्जे आणि गुंतवणूक. कारखान्याच्या बाबतीत दुसरा भाग सर्वांत मोठा असतो, कारण धूर त्याच्याच धुराड्यातून निघतो. बँकेचे धुराडे मात्र कर्जदाराच्या आवारात असते. म्हणून धोरणाचा मोठा हिस्सा तिसऱ्या भागाला द्यावा लागतो, आणि नेमका तोच भाग जुन्या फायलींमध्ये सापडत नाही.

याच टप्प्यावर एक सापळा आहे. आयएसओ २६००० हे सामाजिक जबाबदारीविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, परंतु ते केवळ मार्गदर्शनासाठी आहे. त्यानुसार प्रमाणपत्र घेता येत नाही. कोणी सल्लागार त्याचे प्रमाणपत्र मिळवून देण्याचा प्रस्ताव घेऊन आला, तर चहा पाजून त्याची रवानगी करावी.

२. कागदपत्रे गोळा करा

लेखन सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टी हाताशी हव्यात:

- मागील तीन वर्षांचे वार्षिक अहवाल आणि संचालक मंडळाने मंजूर केलेला व्यवसाय आराखडा
- उद्योगनिहाय आणि प्रदेशनिहाय थकबाकीसह संपूर्ण कर्जांचे विवरण, आणि सर्वांत मोठ्या पन्नास कर्जदारांची यादी
- सध्याचे कर्ज धोरण आणि कर्ज प्रस्तावाचा कोरा नमुना
- ग्राहक तक्रारींची नोंदवही, तसेच लोकपाल किंवा तत्सम यंत्रणेने बँकेविरुद्ध दिलेले निर्णय
- शाखा आणि विक्री कर्मचाऱ्यांच्या प्रोत्साहन भत्त्याचे नियम
- वीज, इंधन आणि प्रवास यांची बिले
- आतापर्यंतच्या देणग्यांचा खर्च आणि, मिळाल्यास, त्यातून काय साधले याची नोंद
- नियामकाची लागू असलेली परिपत्रके

प्रोत्साहन भत्त्याचे नियम मागितले की मनुष्यबळ विभाग त्यांचा येथे काय संबंध, असे विचारेल. संबंध नवव्या पायरीत येतो. कर्जांचे विवरण मिळायला सर्वाधिक वेळ लागतो, म्हणून मागणीचे पत्र पहिल्याच दिवशी पाठवा आणि कर्जदारांच्या माहितीची गुप्तता कशी राखली जाईल, हे त्याच पत्रात लिहा.

३. कर्जांचा नकाशा तयार करा

हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून पुढे गेलात तर उरलेल्या पायऱ्यांना आधार राहत नाही. उद्योगांच्या यादीसमोर प्रत्येकाला दिलेल्या कर्जाची रक्कम, एकूण कर्जांतील टक्केवारी, मिळणारे व्याज आणि थकीत कर्जांचे प्रमाण लिहा. त्यानंतर दोन नवे रकाने जोडा. त्या उद्योगाचा समाजावर आणि पर्यावरणावर काय परिणाम होतो, हे एका रकान्यात येईल. पर्यावरणातील किंवा कायद्यातील बदलांमुळे त्या उद्योगाच्या परतफेडीच्या क्षमतेवर काय परिणाम होऊ शकतो, हे दुसऱ्यात येईल.

हे दोन रकाने वेगळे ठेवण्यामागे कारण आहे. एखादी वस्त्रोद्योग कंपनी नदीत सांडपाणी सोडत असेल, तर तो समाजावरचा परिणाम झाला. पण उद्या न्यायालयाने तो कारखाना बंद करण्याचा आदेश दिला, तर तेच सांडपाणी तुमच्या बँकेचे थकीत कर्ज बनते. संचालक मंडळातील ज्या सदस्यांना पहिल्या रकान्यात रस नसतो, ते दुसरा रकाना लक्षपूर्वक वाचतात. सामाजिक दायित्व आणि व्यवसायधोरण यांचा सांधा याच ठिकाणी जुळतो, आणि तो भाषणांपेक्षा या तक्त्यातून अधिक चांगला दाखवता येतो.

पहिल्या वर्षी सर्व उद्योगांचा तक्ता भरण्याचा हट्ट धरू नका. रकमेने मोठे असलेले पाच-सहा उद्योग आणि परिणामाने गंभीर असलेले दोन-तीन उद्योग एवढ्यांवर भागते. अनेक बँकांत लहान कर्जांची उद्योगवार नोंद 'इतर' या एकाच शीर्षकाखाली दडलेली असते. हे शीर्षक एकूण कर्जांच्या दहाव्या भागापेक्षा मोठे असेल, तर ते फोडून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

४. सक्तीचे काय आणि ऐच्छिक काय, हे वेगळे करा

देशोदेशींचे कायदे येथे फार वेगळे आहेत. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ ठरावीक आर्थिक निकषांत बसणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायला सांगते, आणि कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम त्यात सामान्यतः धरता येत नाही. युरोपीय संघाचा भर मात्र खर्चापेक्षा माहिती उघड करण्यावर आहे. म्हणजे सवलतीच्या दराने दिलेले कर्ज एका चौकटीत दायित्वाचा खर्च म्हणून दाखवणे चूक ठरते, तर दुसऱ्या चौकटीत त्याच कर्जाची माहिती देणे अपेक्षित असते.

माझ्या मसुद्यात मी नेमकी ही गफलत केली होती. लघुउद्योगांना दिलेल्या कर्जांची रक्कम व्यवसायवाढीच्या प्रकरणातही होती आणि सामाजिक खर्चाच्या प्रकरणातही. लेखापरीक्षकांनी ती दोनदा मोजलेली रक्कम तांबड्या शाईने अधोरेखित करून परत पाठवली. तेव्हापासून प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या भागातला आहे, हे मी लिहून ठेवतो.

ऐच्छिक चौकटींपैकी बँकांसाठी महत्त्वाची आहे ती संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या वित्तीय उपक्रमाने सप्टेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू केलेली 'जबाबदार बँकिंगची तत्त्वे'. प्रारंभी १३० बँकांनी ती स्वीकारली. तत्त्वे सहा आहेत. त्यांतील पहिले तत्त्वच बँकेचे व्यवसायधोरण समाजाच्या उद्दिष्टांशी सुसंगत करण्याविषयी आहे. तुमची बँक या तत्त्वांवर स्वाक्षरी करणार नसली, तरी मसुद्याची प्रकरणे पाडण्यासाठी ती उपयोगी पडतात.

५. ज्यांच्यावर परिणाम होतो, त्यांच्याशी बोला

प्रश्नावली पाठवून हे काम उरकण्याची पद्धत आहे आणि तिचे फळही तसेच मिळते. त्यापेक्षा शाखेत तक्रार घेऊन आलेले काही ग्राहक, कर्ज नाकारले गेलेले काही अर्जदार, दोन-तीन कर्जदार उद्योजक आणि एखाद्या प्रकल्पाशेजारी राहणारे लोक यांच्याशी प्रत्यक्ष बोलावे. कर्ज नाकारले गेलेल्यांना बहुतेक वेळा कोणीच विचारत नाही, वास्तविक बँकेच्या सेवेतील फटी त्यांनाच सर्वांत स्पष्ट दिसलेल्या असतात.

६. कर्ज मंजुरीच्या प्रक्रियेत बदल करा

धोरण कितीही सुंदर लिहिले, तरी कर्ज प्रस्तावाच्या नमुन्यात एकही ओळ बदलली नसेल, तर बँकेत काही बदललेले नसते. म्हणून मसुद्यासोबत नव्या नमुन्याचे प्रारूपही ठेवा.

सुरुवात वर्ज्य व्यवसायांच्या यादीपासून करावी. जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाची अशी यादी प्रसिद्ध आहे आणि तिचा आधार घेता येतो. यादी लहान पण पक्की असावी. 'शक्यतो', 'सर्वसाधारणपणे' यांसारखे शब्द तिच्यात शिरले की प्रत्येक मोठा कर्जदार अपवाद ठरतो. अपवाद करायचाच असेल, तर तो कोणत्या समितीने करावा आणि त्याची नोंद कोठे व्हावी, हे यादीतच लिहून ठेवा.

मोठ्या प्रकल्पांसाठी इक्वेटर तत्त्वांचा, म्हणजे प्रकल्पकर्जातील पर्यावरणीय आणि सामाजिक जोखीम हाताळण्याच्या बँकांच्या ऐच्छिक चौकटीचा, अभ्यास करा. जून २००३ मध्ये १० बँकांनी ती स्वीकारली होती. त्यांची सध्याची चौथी आवृत्ती १ कोटी डॉलर किंवा त्याहून अधिक भांडवली खर्चाच्या प्रकल्पांना होणाऱ्या प्रकल्पकर्जाला लागू होते. संभाव्य परिणामांच्या गांभीर्यानुसार प्रकल्पांचे 'अ', 'ब' आणि 'क' असे तीन वर्ग पाडले जातात, आणि वरच्या वर्गातील प्रकल्पांसाठी परिणामांचे मूल्यमापन, बाधितांशी सल्लामसलत, तक्रार निवारणाची व्यवस्था आणि त्रयस्थ तज्ज्ञाकडून परीक्षण अपेक्षित असते. यातली कळीची बाब ही की, या अटी कर्जकरारात उतरवल्या जातात. करारात अट असेल, तर ती मोडल्यावर बँकेला उरलेली रक्कम थांबवता येते; केवळ धोरणात असेल, तर खेदाचे पत्र पाठवण्यापलीकडे हाती काही राहत नाही.

कर्ज अधिकाऱ्यांचा विरोध गृहीत धरा, आणि त्यांना दोष देऊ नका. त्यांच्यापुढे मुदतीची घाई असते आणि शेजारची बँक हाच प्रस्ताव कमी प्रश्न विचारून मंजूर करायला तयार असते. लहान कर्जांसाठी पाच-सहा प्रश्नांचाच नमुना ठेवा आणि सखोल तपासणी मोठ्या प्रस्तावांपुरती राखून ठेवा.

७. व्यवसायाच्या संधी शोधा, पण संख्येला भुलू नका

जागतिक बँकेच्या फिन्डेक्स अहवालानुसार २०२१ मध्ये जगातील ७६ टक्के प्रौढांकडे बँकेत किंवा तत्सम सेवेत खाते होते आणि सुमारे १४० कोटी प्रौढ त्याबाहेर होते. हा आकडा पाहून प्रत्येक बँक नवी खाती उघडण्याचे लक्ष्य ठेवते. खाती उघडली जातात, ध्येय पूर्ण होते आणि वर्षभरानंतर त्यांतील अनेक खात्यांत एकही व्यवहार झालेला नसतो. लक्ष्य ठेवायचेच असेल, तर वर्षभरात ठरावीक वेळा वापरल्या गेलेल्या खात्यांचे ठेवा. अशा खात्यांतून ठेवी येतात, परतफेडीचा इतिहास तयार होतो आणि पुढे कर्ज देता येते. व्यवसायाचा लाभ तेथूनच सुरू होतो.

हरित रोख्यांचा, म्हणजे पर्यावरणपूरक प्रकल्पांसाठी पैसा उभारणाऱ्या रोख्यांचा, मार्गही पाहावा. युरोपीय गुंतवणूक बँकेने २००७ मध्ये या प्रकारचे पहिले रोखे काढले आणि २०१४ पासून त्यांच्यासाठी ऐच्छिक तत्त्वे अस्तित्वात आहेत. निधीचा वापर कशासाठी, प्रकल्पांची निवड कशी, निधीचा हिशेब कसा आणि अहवाल केव्हा, हे चार प्रश्न ती विचारतात. शाश्वततेशी निगडित कर्जांची रचना वेगळी असते. त्यात कर्जदाराने ठरलेले लक्ष्य गाठले की व्याजदर किंचित उतरतो आणि चुकले तर चढतो. येथील सापळा असा की, कर्जदार जे काही करणारच होता, तेच लक्ष्य म्हणून लिहून घेतले जाते आणि बँक विनाकारण व्याज सोडते. त्या कंपनीची मागील तीन वर्षांची कामगिरी पाहिल्याशिवाय लक्ष्य मान्य करू नये.

८. मोजमापाची पद्धत ठरवा

हरितगृह वायूंच्या हिशेबात बँकेच्या इमारती आणि वाहने यांचे उत्सर्जन पहिल्या दोन व्याप्तींमध्ये (स्कोप १ आणि २, म्हणजे स्वतःचे थेट उत्सर्जन आणि विकत घेतलेल्या विजेचे उत्सर्जन) येते, तर कर्ज दिलेल्या कंपन्यांचे उत्सर्जन तिसऱ्या व्याप्तीच्या पंधराव्या वर्गात, म्हणजे गुंतवणुकीत, धरले जाते. हे वित्तपोषित उत्सर्जन मोजण्यासाठी पीसीएएफ या वित्तीय संस्थांच्या कार्बन हिशेबासाठीच्या भागीदारीने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेले मानक वापरले जाते.

त्यामागचे गणित अवघड नाही. समजा, शेअर बाजारात नोंद नसलेल्या एका कंपनीचे भागभांडवल आणि कर्ज मिळून १०० कोटी आहेत आणि त्यांतील २० कोटींचे कर्ज तुमच्या बँकेचे आहे. कंपनीचे वार्षिक उत्सर्जन ५० हजार टन असेल, तर त्यांतील २० टक्के, म्हणजे १० हजार टन, बँकेच्या नावावर जातात. कंपनीने मोजलेले आणि तपासून घेतलेले आकडे मिळाले, तर माहितीच्या गुणवत्तेला १ अंक दिला जातो. केवळ उद्योगाच्या सरासरीवरून अंदाज बांधला असेल, तर ५. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी ४ आणि ५ च येतील, त्यात लाजण्यासारखे काही नाही; तो अंक अहवालात लपवणे मात्र अंगाशी येते.

या पद्धतीतील एक बारकावा मला फार उशिरा समजला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीसाठी भाजक म्हणून कंपनीचे बाजारमूल्य आणि कर्ज यांची बेरीज धरली जाते. त्यामुळे शेअरचा भाव वाढला की बँकेच्या वाट्याचे उत्सर्जन कमी दिसते, जरी कंपनीच्या धुराड्यातून पूर्वीइतकाच धूर निघत असला तरी. घट दिसली की आनंदाने तक्ता छापण्याआधी ती भावामुळे आली, कर्ज फिटल्यामुळे आली की खरोखर उत्सर्जन घटल्यामुळे आली, हे तिन्ही वेगळे करून पाहावे.

देणगीतील प्रकल्पांसाठी मोजमाप साधे ठेवा. किती जणांना प्रशिक्षण दिले यापेक्षा वर्षभरानंतर त्यांतील किती जण कमावते झाले, ही नोंद अधिक बोलते.

९. प्रोत्साहन भत्ते तपासा

या पायरीसाठी एकच उदाहरण पुरेसे आहे. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेच्या कर्मचाऱ्यांनी विक्रीची कठोर लक्ष्ये गाठण्यासाठी ग्राहकांच्या संमतीविना लाखो खाती उघडल्याचे प्रकरण सप्टेंबर २०१६ मध्ये उघडकीस आले आणि बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये फेडरल रिझर्व्हने बँकेच्या एकूण मालमत्तेच्या वाढीवरच मर्यादा घातली. ती २०२५ मध्ये उठली. फेब्रुवारी २०२० मध्ये ३०० कोटी डॉलरची तडजोड झाली ती वेगळीच. सात वर्षे वाढ रोखली जाणे हा व्यवसायधोरणावरचा आघात होता आणि त्याचे मूळ भत्त्यांच्या नियमांत होते.

म्हणून भत्त्यांचे नियम आणि दायित्वाचे धोरण शेजारी ठेवून वाचा. धोरण म्हणत असेल की ग्राहकाला योग्य तेच उत्पादन द्यावे, आणि भत्ता मात्र विकलेल्या विमा पॉलिसींच्या संख्येवर मिळत असेल, तर कर्मचारी कोणत्या कागदाचे ऐकतील, हे सांगायला नको. भत्त्यात तक्रारींचे प्रमाण आणि वापरात असलेली खाती यांना वजन देण्याची शिफारस मसुद्यात करावी. ती लगेच मान्य होणार नाही. तरीही ती नोंदवलेली असावी.

१०. अहवाल लिहा आणि तो बाहेर जाण्यापूर्वी तपासून घ्या

अहवालाच्या चौकटी अनेक आहेत, पण त्यांतील फरक एका प्रश्नात मांडता येतो. जीआरआय (ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह) या संस्थेची मानके बँकेचा जगावर काय परिणाम होतो, हे विचारतात. आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानके) यांतील एस-१ आणि एस-२ ही जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली मानके या घटकांचा बँकेच्या आर्थिक स्थितीवर काय परिणाम होतो, हे विचारतात. युरोपीय नियम दोन्ही विचारतात. तिसऱ्या पायरीतील दोन रकाने व्यवस्थित भरलेले असतील, तर कोणतीही चौकट लागू झाली तरी सामग्री तयार असते.

भाषेची तपासणी कायदा विभागाकडून करून घ्या. डॉइश बँक समूहातील डीडब्ल्यूएस या मालमत्ता व्यवस्थापन कंपनीच्या अमेरिकी शाखेने पर्यावरण आणि सामाजिक निकष गुंतवणुकीत कसे वापरले जातात, याविषयी दिशाभूल करणारी विधाने केल्याबद्दल अमेरिकेच्या रोखे नियामकाने सप्टेंबर २०२३ मध्ये १.९ कोटी डॉलरचा दंड लावला. आपण जे करत नाही ते करतो असे लिहिणे एवढे महाग पडू शकते. 'संपूर्णपणे', 'सर्व कर्जांमध्ये', 'कटिबद्ध' असे शब्द दिसले की त्यांच्यामागचा कागद मागा; कागद नसेल, तर शब्द काढून टाका.

पहिल्या वर्षानंतर मोजण्याची पद्धत सुधारते आणि जुने आकडे चुकीचे ठरू लागतात. हे सर्वांच्याच बाबतीत घडते. आधारवर्षाचा आकडा गुपचूप बदलू नका. जुना आकडा, नवा आकडा आणि फरकाचे कारण ही तिन्ही एकाच पानावर छापा, आणि ते पान संचालक मंडळाच्या बैठकीपूर्वी लेखापरीक्षकांना दाखवा.